धांवदोरा

शिवणकामाच्या परिभाषेंत एक मोठा मौजेचा शब्द आहे. सुई कापडांत खालीं घालावी, वर काढावी, पुन्हां खालीं घालावी, पुन्हां वर काढावी, असें करीत जो साधा सरळ टांका पुढें जातो त्याला आपल्याकडे 'धांवदोरा' म्हणतात. ज्या कोणा बाईनें हें नांव प्रथम ठेवलें तिच्या विनोदबुद्धीचें मला नेहमीं कौतुक वाटतें. टीप घालतांना प्रत्येक टांक्यागणिक थोडें मागें यावें लागतें, त्या मानानें हा दोरा धांवतो हें खरें. पण इतक्या सावकाश धांवणारें दुसरें कांहीं निदान माझ्या पाहण्यांत नाहीं.

आणि गोधडी म्हणजे पहिल्या टांक्यापासून शेवटच्या टांक्यापर्यंत नुसता धांवदोरा. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात, संस्कृतांत तिची कंथा होते, आणि तान्ह्या बाळासाठीं ती लहान झाली कीं तिचें दुपटें होतें. नांवें बदललीं तरी रीत एकच. जुनेर पसरावें, त्यावर दुसरें जुनेर घालावें, आणि सुईनें त्या दोघांचा संसार जुळवून द्यावा. गेलीं कांहीं वर्षें दुपारचा एक तास मी ह्या उद्योगांत घालवितें. घरांतील आणि बाहेरील मंडळी माझ्या ह्या छंदाकडे ज्या कौतुकमिश्रित करुणेनें पाहतात ती पाहून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या स्नेह्यांपैकीं एक गृहस्थ हिशेबनीस आहेत. एकदां माझ्यासमोर बसून त्यांनीं गोधडीचा जमाखर्चच मांडला. गोधडी सहा फूट लांब व चार फूट रुंद धरली आणि दोन ओळींत अर्ध्या इंचाचें अंतर ठेवलें, तर ९६ ओळी होतात. एक ओळ ७२ इंचांची, आणि इंचाला तीन टांके. म्हणजे एकंदर २०,७३६ टांके. हात बसलेली बाई मिनिटाला पंधरा टांके घालते असें मानलें, तरी २३ तास झाले.

"घरगुती शिवणयंत्र मिनिटाला पांचशें टांके सहज घालतें," चष्मा पुसत ते म्हणाले, "म्हणजे सारें पाऊण तासाचें काम. मग वहिनी, तुमचे बाकीचे बावीस तास जातात कोठें?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नव्हतें. मीं चहा पुढें केला.

त्या तासांतले कांहीं तर सुई हातांत धरण्यापूर्वींच खर्चीं पडतात. आधीं कापड निवडावें लागतें. कृत्रिम धाग्याचें कापड गोधडीला कामाचें नाहीं. तें सुईखालीं सरकतें, घाम टिपीत नाहीं, आणि कितीहि वर्षें वापरलें तरी अंगाशीं ओळख ठेवीत नाहीं. सुती कापडाचें तसें नाहीं. शेंकडों धुण्यांनीं त्याची खळ जाते, ताठा जातो, सूत नरमतें. तान्ह्या मुलाला नवें कापड न घालतां आजीच्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळण्याची जी आपली चाल आहे, तिच्यांत काटकसर असेल, श्रद्धाहि असेल. पण कोवळ्या कातडीला काय सोसतें हें जाणणाऱ्या बायकांचें शहाणपण तींत सर्वांत अधिक आहे. मग ठरवावयाचें असतें तें कोणत्या तुकड्यानें वर यावयाचें आणि कोणत्यानें आंत राहावयाचें. विरलेलें कापड मध्यें जातें. तें दिसत नाहीं, पण ऊब त्याचीच असते. कांठ घट्ट विणीचे असतात म्हणून ते कडेला लावावे. मग सारें जमिनीवर ताणून पसरावें, कोपऱ्यांवर वजनें ठेवावीं, कच्च्या दोऱ्यानें थर एकमेकांत अडकवावे, आणि तेव्हां कोठें खऱ्या शिवणीला आरंभ व्हावा. उजवा हात सुई चालवितो, तों डाव्या हाताचें बोट खालून तिचें टोंक चाचपीत असतें. त्या बोटाची कातडी महिन्याभरांत खरखरीत होते. अंगुस्तान उजव्या बोटाला असतें. डाव्याला वाली कोणी नाहीं.

ह्या कामाला कोणी समाधि वगैरे म्हणूं लागलें कीं मला हसूं येतें. सुई चालूं असतांना माझ्या मनांत जे विचार येतात ते अगदीं सामान्य प्रतीचे असतात : दूध नासेल काय, भाचीचें पत्र कां आलें नाहीं, शेजारणीनें काल जें म्हटलें त्याचा नेमका अर्थ काय. फरक एवढाच कीं, एरव्हीं हे विचार माशांसारखे येतात आणि जातात. सुईपुढें त्यांना ओळीनें यावें लागतें. हातांतला फोन वाजला तरी आधीं सुई कापडांत टोंचून ठेवावी लागते, दोरा गुंतणार नाहीं असा बाजूला करावा लागतो, आणि तेवढ्या अवधींत असें ध्यानांत येतें कीं, पुष्कळशीं बोलावणीं तेवढें थांबूं शकतात.

चिंधीची थोरवी आपल्या लोकांना कोणी शिकवावी असें नाहीं. श्रीकृष्णाचें बोट कापलें तेव्हां सुभद्रा बांधावयास चिंधी शोधीत बसली आणि द्रौपदीनें अंगावरचा पीतांबर फाडून दिला, ही लोककथा मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे. बौद्ध भिक्षूंचें चीवर मुळांत लोकांनीं टाकून दिलेल्या वस्त्रांचेंच असे. मगध देशांतील भातशेतांचे बांध पाहून बुद्धानें आनंदाला विचारलें कीं, ह्या आकृतीचें चीवर करतां येईल काय. आणि आनंदानें तुकडे जोडून तसें तें केलें, अशी हकीगत विनयपिटकांत आहे. आमचे गाडगेमहाराज (१८७६–१९५६) ठिगळांचें वस्त्र पांघरून आणि झाडू घेऊन गांवोगांव हिंडले. कित्येक ठिकाणीं लोक त्यांना गोधडेमहाराजच म्हणत. बंगालांतील बायका जुन्या साड्यांची कांथा शिवतांना दोराहि विकत आणीत नसत. साडीच्या रंगीत कांठांतील सूत उसवून त्यानेंच फुलें नि पक्षी काढीत.

दूर अमेरिकेंत, आलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नांवाचें एक खेडें आहे. तेथील कृष्णवर्णीय बायका, ज्यांचे पूर्वज त्याच भूमीवर गुलाम म्हणून राबले, शेतांतल्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्यांतील मिझूरी पेटवे नांवाच्या बाईचा नवरा वारला, तेव्हां १९४२ मध्यें तिनें त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी केली. गुडघ्यावर झिजलेल्या विजारी, घामानें विटलेले सदरे, ह्यांतलें तिनें कांहीं लपविलें नाहीं. नवऱ्याची आठवण राहावी आणि तीच पांघरून निजतां यावें, एवढाच तिचा हेतु होता. पुढें २००२ मध्यें ह्या खेड्यांतील गोधड्यांचें ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत प्रदर्शन भरलें, आणि २००६ मध्यें त्यांचीं चित्रें अमेरिकेच्या टपाल-तिकिटांवर आलीं. कलासमीक्षकांनीं त्यांच्या रंगसंगतीची तुलना आधुनिक चित्रकारांशीं केली. मला मात्र त्या सगळ्या वैभवापेक्षां तो विधवेचा साधा हेतुच मोठा वाटतो.

परंतु येथेंच माझें मन अडखळतें. अलीकडे संथ जीवनाचा मोठा बोलबाला झाला आहे. सावकाश खावें, सावकाश चालावें, हातानें शिवावें, असा उपदेश सुखवस्तु माणसें एकमेकांना करीत असतात. आणि मोठ्या शहरांतील दुकानांतून गोधड्या भिंतीवर चित्रासारख्या टांगलेल्या दिसतात. ह्या उपदेशांत खोटें कांहीं नाहीं. पण आमच्या आज्या गोधड्या शिवीत त्या सावकाशपणाच्या आवडीनें नव्हे. घरांत माणसें दहा आणि पांघरुणें तीन असत म्हणून. दिवसभराचीं कामें उरकून कंदिलाच्या उजेडांत डोळे ताणणाऱ्या त्या बाईला कोणी संथ जीवनाचें माहात्म्य सांगूं लागता, तर तिनें त्याच्या हातीं सुई देऊन निजावयास जाणें पसंत केलें असतें. महात्मा गांधींसारखा यंत्रांचा कठोर टीकाकार; पण १९२४ सालच्या एका संभाषणांत त्यांनींहि शिवणयंत्राला अपवाद केलें. बायको हातानें शिवून शिवून शिणते हें पाहून सिंगरनें तिच्यावरील प्रेमापोटीं यंत्र काढलें, असें ते म्हणाले. सिंगरचें पेटंट १८५१ चें आहे; त्या कथेंत इतिहास किती आणि भाविकता किती हा प्रश्न सोडून दिला, तरी गांधीजींच्या मनांतला विचार खरा होता. बाईचे कष्ट कमी करणारें यंत्र प्रेमाचें असूं शकतें. मग हातशिलाईचें कौतुक करणारी मी कोण?

हा प्रश्न एका बाईनें माझ्यापुढें अधिक थोडक्यांत मांडला. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत गोधडी शिवून देणारी एक बाई आमच्या गल्लींत आली. अशा बाया अजूनहि गांवोगांव फिरतात. घरांतलीं जुनेरें द्यावींत, त्यांनीं ओसरीवर किंवा झाडाखालीं बसून तीं शिवून द्यावींत आणि ठरलेली मजुरी न्यावी. शेजारणी तिच्याशीं घासाघीस करीत होत्या. ह्यापेक्षां कमी पैशांत दुकानांत नवें ब्लँकेट मिळतें, असें एकीनें ऐकवलेंहि. ती कांहीं बोलली नाहीं. मीं तिला दोन लुगडीं व एक चादर दिली आणि माझी शिवण घेऊन तिच्याजवळ जाऊन बसलें. माझी एक ओळ होई तों तिच्या तीन होत. एका दमांत ती पांच-सहा टांके सुईवर घेई आणि दोरा सर्रकन् ओढी. त्या दुपारीं प्रथमच मला त्या टांक्याच्या नांवाचा खरा अर्थ कळला. तिचा दोरा खरोखरच धांवत होता.

"बाई, दिवसभर हेंच करून कंटाळा नाहीं येत?" मीं विचारलें.

तिनें मान वर केली नाहीं. "कटाळा यायला बी येळ लागतो, ताई. त्यो कुठं हाय आमच्यापाशी?"

ह्यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. तिला मजुरी गोधडीमागें मिळे, तासामागें नव्हे. माझ्या हाताला संथपणा म्हणजे विसांवा होता. तिच्या हाताला संथपणा म्हणजे तोटा. टांका एकच, सुई एकच, झाडाची सावलीहि एकच. पण आम्हां दोघींच्या वेळेचे धनी निरनिराळे होते.

बरें, वेग वाढला म्हणजे शिवणाऱ्याला सुख लाभतें असेंहि नाहीं. २४ एप्रिल १९१३ नव्हे, २०१३ ची ही गोष्ट आहे. शतकाचा घोटाळा व्हावा इतकी ती जुन्या काळची वाटते म्हणून मुद्दाम सांगितलें. ढाक्याजवळ साव्हार येथें 'राना प्लाझा' नांवाची आठ मजली इमारत कोसळली आणि परदेशी बाजारासाठीं कपडे शिवणारे ११०० हून अधिक कामगार तिच्याखालीं मेले. त्यांत बायकाच अधिक होत्या. भिंतींना तडे गेल्याचें आदल्याच दिवशीं दिसलें होतें. तरी त्यांना कामावर बोलावण्यांत आलें, कारण माल वेळेवर जावयास हवा होता. तेथें मिनिटाला हजारों टांके घालणारीं यंत्रें होतीं. त्या यंत्रांनीं वांचवलेला वेळ त्या बायकांच्या पदरांत मात्र पडला नव्हता. आपण स्वस्त सदरा घेतों तेव्हां कोणाचा तरी वेळ स्वस्तांत घेतों, हें त्या दिवशीं जगाला दिसलें. आणि पुढें जग आपल्या खरेदीला लागलें.

तेव्हां संथपणा चांगला कीं वेग चांगला हा वाद मला आतां फारसा खरा वाटत नाहीं. ज्याचा वेळ आहे त्याच्या हातीं तो आहे कीं नाहीं, एवढेंच विचारावें. ज्याला तो लाभला आहे त्यानें त्याचा उपयोग कांहींतरी नीट पाहण्यासाठीं करावा; आणि ज्याचा तो आपण विकत घेतों त्याच्याशीं निदान घासाघीस करूं नये.

नीट पाहणें म्हणजे काय, हें मला माझ्या आईच्या पातळांनीं शिकवलें. आई गेली तेव्हां तिच्या पेटींत चौदा पातळें निघालीं. आम्ही तिघी बहिणी. एकीचें म्हणणें, सारीं एखाद्या संस्थेला देऊन टाकावींत. दुसरीचें म्हणणें, डांबराच्या गोळ्या घालून तीं जशींच्या तशीं ठेवावींत. पहिलीला तीं डोळ्यांसमोर नको होतीं, दुसरीला तीं डोळ्यांआड होऊं द्यावयाचीं नव्हतीं. दुःख दोघींचें एकच होतें. शेवटीं प्रत्येकीनें एकेक पातळ घेतलें, आणि उरलेल्यांतलीं सुती नऊ गोधड्यांसाठीं माझ्याकडे आलीं.

सुती कापड सुताच्या रेघेंत सरळ फाटतें; कात्रीनें नुसती सुरुवात करून द्यावी लागते. पण तो फाटण्याचा आवाज मोठा होतो. पहिल्या दिवशीं मीं एकच पातळ फाडलें आणि काम आवरतें घेतलें. दुसऱ्या दिवशीं दुसरें. एखाद्याला हळदीचा डाग होता, एखाद्याच्या पदराला किल्ल्यांच्या जुडग्यानें पडलेली चुणी होती. असें करतां करतां एक करड्या रंगाचें, बारीक तांबड्या कांठाचें पातळ हातीं आलें. तें मला चांगलें आठवत होतें. १९८२ सालीं मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला तेव्हां मी दहा वर्षांची होतें. वडील एका गिरणींत कारकून होते. ती गिरणी पुन्हां उघडलीच नाहीं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतलीं सगळीं लग्नें, मुंजी, हळदीकुंकवें आईनें त्या करड्या पातळांत पार पाडलीं. आणि हें पातळ तिच्या विशेष आवडीचें आहे अशी माझी समजूत होती.

तें पसरून मीं उजेडाकडे धरलें, तेव्हां निऱ्यांत झांकला जाई त्या भागांत वीतभर रफू दिसलें. त्याच पातळाच्या कडेचें सूत काढून, आडवें-उभें विणून, तिनें तें इतकें बेमालूम भरलें होतें कीं बोट फिरवल्याशिवाय तें कळूं नये. त्याच्याशेजारीं आणखी एक होतें, आणि पलीकडे तिसरें. आवडीचा प्रश्नच नव्हता. धड असें दुसरें पातळ तिच्याजवळ नव्हतें. आम्ही गरीब झालों आहों हें त्या तीन वर्षांत आम्हां मुलींना कळलें नाहीं, कारण रोज रात्रीं आम्ही निजल्यावर तें आमच्यापासून कोणीतरी सुईनें झांकून ठेवीत होतें.

हें पातळ पोत्यांत भरून मीं कोठें देऊन टाकलें असतें, किंवा घडी न मोडतां कपाटांत ठेवलें असतें, तर मला हें कधींच दिसलें नसतें. यंत्रावर पाऊण तासांत शिवलें असतें तरी बहुधा दिसलें नसतें. त्या एका गोधडीला मला तीन महिने लागले. दिवसवार तेराव्या दिवशीं संपतात. मनाचे दिवस त्या हिशेबांत बसत नाहींत, आणि त्यांना जावयास कोठेंतरी वाट लागते. मला ती अर्ध्या अर्ध्या इंचाच्या ओळींतून मिळाली. आमच्या हिशेबनीस स्नेह्यांचे ते बावीस तास त्यांत गेले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

रीतीप्रमाणें विरलेलें कापड आंत घालावयाचें. तें रफूचें कापड मात्र मीं वर घेतलें, अगदीं मधोमध. बहिणींना तें दाखविलें तेव्हां धाकटीनें त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरविलें, आणि पातळें देऊन टाकण्याची गोष्ट पुन्हां कोणी काढली नाहीं. गोधड्या तिघींनीं तीन वांटून घेतल्या. आणि त्या वापरावयाच्या, कपाटांत ठेवावयाच्या नाहींत, असें ठरलें.

वापरल्यावर त्या विरतील, हें उघडच आहे. आधींच जुनें कापड. दहा-पंधरा वर्षांत त्याचें सूत सुटूं लागेल. पण गोधडीचा शेवट आपल्याकडे कोणी तसा केलेला नाहीं. जुन्या घरांतली एखादी जड वाकळ उसवली तर तिच्या पोटांतून दुसरी निघते, आणि कधीं त्या दुसरीच्याहि पोटांत तिसरीचे अवशेष असतात. विरली कीं तिच्यावर नवें जुनेर घालावें आणि पुन्हां धांवदोरा घालावा, एवढेंच घरोघरच्या बायका करीत आल्या. आंत कोणाचें लुगडें आहे हें पुढें कोणाला ठाऊक नसतें. थंडीच्या रात्रीं मुलें ती अंगावर ओढून घेतात, आणि त्यांना लवकर झोंप लागते.